प्रतिसाद: सॅम्पल रेट वाढवला की काम झालं, असं नाही

वर कोणीतरी म्हटलंय की गेम बॉय अ‍ॅडव्हान्स या हातातल्या गेम कन्सोलवर सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने, म्हणजे सॅम्पल, वाजतात तो आकडा) ३२७६८ हर्ट्झच ठेवा, त्याखाली आवाज मातीमोल होतो. अर्धंच पटलं. खरखर येते ती बरीचशी प्रत्येक सॅम्पल ८ बिटचंच असल्यामुळे, रेट वाढवून ती जात नाही, आणि पीसीएमचे (सॅम्पल वाजवणारे) चॅनेल हार्डवेअरमध्ये दोनच, म्हणजे त्यापलीकडचं सगळं मिक्सिंग (अनेक आवाज एकत्र करणं) १६.७८ मेगाहर्ट्झच्या त्याच बिचाऱ्या सीपीयूच्या डोक्यावर, जो स्प्राइटही (पडद्यावरची हलती चित्रं) हलवतोय. १८१५७ हर्ट्झवरून ३२७६८ वर गेलात की मिक्सरचं काम पावणेदोनपटीच्या वर जातं, मग गर्दीच्या सीनमध्ये फ्रेम गळणारच ना.

पण रेट निवडताना एक गोष्ट इथे कोणी बोललंच नाही. एक फ्रेम म्हणजे सीपीयूच्या २,८०,८९६ सायकल, त्यात सॅम्पल पूर्णांकात बसले पाहिजेत. १८१५७ ला बरोबर ३०४ बसतात, १३३७९ ला २२४. मी शहाणपणा करून गोल आकडा म्हणून १६३८४ घेतला होता, तिथे हिशोब येतो २७४.३१, आणि मी बफर (तयार सॅम्पलचा साठा) बदलत होतो व्हीब्लँकला (दर फ्रेम रंगवून झाली की येतो तो मोकळा वेळ), त्यामुळे दर फ्रेमला थोडं थोडं घसरत जाऊन बारीक टकटक ऐकू यायची. दोन रात्री वेव्ह फायलींनाच शिव्या घातल्या! शेवटी १८१५७ केलं, टकटक गायब. वर मिक्सरचा आतला लूप रॉममधून काढून एआरएम मोडमध्ये (सीपीयूच्या ३२ बिट सूचनांत) आयडब्ल्यूरॅममध्ये टाकला (सीपीयूजवळची वेगवान मेमरी, ३२ केबीच असते, जपून वापरा), तेव्हा कुठे स्क्रोलिंगचे झटके थांबले.