प्रार्थना करता करताच काळजी वाढते. तुमचंही असं होतं का?

खिडकीपाशी (प्रश्न)

सर्वांना प्रभूच्या नावाने नमस्कार. आईची बायोप्सी झाली आहे, रिपोर्ट यायचाय. दिवस कामात निघून जातो. रात्री पाठ टेकली की सुरू होतं. 'प्रभू, आईला सांभाळ' म्हणते आणि लगेच पुढे रिपोर्ट वाईट आला तर, खर्च कुठून करायचा, भावाला कसं सांगायचं, आईसमोर चेहरा कसा ठेवायचा... आमेन म्हणेपर्यंत छाती धडधडायला लागलेली असते. मी प्रार्थना करतेय की डोळे मिटून तीच काळजी उगाळतेय, तेच कळेनासं झालंय. मंडळीतल्या एका मावशींनी बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्रातलं वचन पाठवलं, 'कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका'. त्यांनी मायेनेच पाठवलं, पण वाचून अपराधी वाटलं. माझा विश्वास कमी पडतोय का?

रात्रपाळी

ताई, विश्वास कमी असता तर तुम्ही रात्री देवाशी बोलायला बसला नसता. मी परिचारिका आहे. रिपोर्टची वाट बघणारी माणसं रोज पाहते, त्यांत पाळकही असतात आणि त्यांचेही हात थरथरतात.

ते वचन एकटं वाचू नका, पत्र सुरुवातीपासून वाचा. प्रेषित पौल ते बंदिवासातून लिहितोय; आपण जगणार की मरणार हे त्यालाच ठाऊक नाही. दुसऱ्या अध्यायात त्याचा सोबती एपफ्रदीत मरणाच्या दारातून परत आल्याचं येतं. तो गेला असता तर मला दुःखावर दुःख झालं असतं, असं पौल सरळ लिहितो. चौथ्या अध्यायात 'चिंताक्रांत होऊ नका' म्हणतो तो हाच माणूस. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तर सगळ्या मंडळ्यांची चिंता मला रोज असते, असं तो स्वतःच सांगतो. तेव्हा त्या वचनात दटावणी ऐकू नका. मला तरी त्यात हात धरल्यासारखं वाटतं.

आता उगाळण्याबद्दल. मला यहूदाच्या हिज्कीया राजाने शिकवलं (बायबलमधलं २ राजे, अध्याय १९). अश्शूरचा राजा सन्हेरीब याचं धमकीचं पत्र आलं, ते त्याने वाचलं, मंदिरात नेलं आणि परमेश्वरापुढे पसरून ठेवलं. मग प्रार्थना केली ती जेमतेम पाच वचनांची. आधी देव कोण आहे ते म्हटलं. मग 'अश्शूरच्या राजांनी राष्ट्रं उद्ध्वस्त केली आहेत हे खरं आहे' असं कबूल केलं. संकट लहान करून सांगितलं नाही. मग मागणं, आणि बस्स. 'असं झालं तर, तसं झालं तर' यातलं त्यात काहीच नाही.

माझ्या मुलाच्या आजारात मी हेच करायचे. फाइल पलंगावर उघडी ठेवायची, हात तिच्यावर, आणि मोठ्याने बोलायचं: प्रभू, हिमोग्लोबिन इतकं आहे, डॉक्टर उद्या अमुक ठरवणार आहेत, मला भीती वाटते, त्याला बरं कर. मनातल्या मनात बोललं की विचार पळतात, तोंडाने बोललं की वाक्य पुरं करावं लागतं. मग फाइल बंद. पुन्हा धडधडलं तर नवीन काही जुळवायचं नाही, तेच शब्द परत. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत येशूनेही तिसऱ्यांदा तेच शब्द बोलून प्रार्थना केली, मत्तयाने तसं लिहूनच ठेवलंय.

साधा_विश्वासी

वरचं सगळं पटलं, एवढंच जोडतो. एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून 'आता पुरे, माझा प्राण घे' म्हणाला, तेव्हा दूताने उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, उठवून पुन्हा खाऊ घातलं. देवाचं बोलणं नंतर, होरेब डोंगरावर. बहीण, तुम्ही जेवताय ना? झोप अशीच उडत राहिली तर डॉक्टरांना सांगा. औषध घेणं म्हणजे अविश्वास, असं कुणी म्हटलं तर मनावर घेऊ नका.

खिडकीपाशी

दोघांचे खूप आभार. रात्रपाळी ताई, एक विचारू? मागितलं तसं झालं नाही तर? हेच मी मोठ्याने बोलू शकत नाही.

रात्रपाळी

बोला. त्याच्यापुढेच बोला. स्तोत्र १३ मध्ये 'किती काळ' हा प्रश्न चारदा आहे, देवाने तो शास्त्रातून खोडला नाही. आणि गेथशेमानेत येशूने टळो म्हणून मागितलेला दुःखाचा प्याला टळला नाही, पण बळ द्यायला दूत आला, असं लूक सांगतो. माझा मुलगा बरा झाला. माझ्या बहिणीचा झाला नाही. का, याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि ते आहे असं भासवणाऱ्यांपासून मी लांबच राहते. बहीण आजही प्रार्थना करते. काही दिवस नुसती रडते, तीही मी प्रार्थनाच मानते.

रिपोर्ट आणायला एकट्या जाऊ नका. मंडळीतल्या त्या मावशींनाच सोबत न्या, त्यांना आवडेल.

खिडकीपाशी

मावशींना आत्ताच फोन केला, येते म्हणाल्या. आईला झोपताना वाचून दाखवायला काही सुचवाल का? तिला लांबलचक नको असतं.

साधा_विश्वासी

स्तोत्र १२१. आठच वचनं आहेत. 'तुझा रक्षक डुलकी घेणार नाही' हे तिसऱ्या वचनात येतं, तिथे जरा सावकाश वाचा.