मदत हवी आहे: पाळीआधीच्या त्रासासाठी कॅल्शियम, 500 धरायचं की 1250?

निळीशाई: पाळीच्या आठवडाभर आधी चिडचिड, पोट फुगणं, छाती जड होणं. डॉक्टरांनी कॅल्शियम सुचवलंय. पाकिटावर 'कॅल्शियम कार्बोनेट 1250 मिग्रॅ' आणि खाली बारीक अक्षरात 'एलिमेंटल कॅल्शियम 500 मिग्रॅ'. नक्की कुठला आकडा धरायचा? सकाळी थायरॉक्सिन (थायरॉइडची गोळी) असतं, शिवाय लोहाची गोळी. हे सगळं दिवसात कसं बसवायचं? आणि फक्त त्या आठवड्यापुरतं घेतलं तर चालेल का?

खलबत्ता: बारीक अक्षरातला आकडा धरा, एलिमेंटल म्हणजे गोळीतलं निव्वळ कॅल्शियम. कार्बोनेटमध्ये कॅल्शियम 40 टक्केच असतं. कॅल्शियम सायट्रेट या दुसऱ्या प्रकारात तर 21 टक्के, म्हणून ती गोळी मोठी असूनही कॅल्शियम कमी.

1998 मधल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत रोज 1200 मिग्रॅ एलिमेंटल कॅल्शियम दिलं होतं. तिसऱ्या पाळीपर्यंत त्रास 48 टक्क्यांनी कमी झाला. औषध नसलेल्या गोळीनेही 30 टक्क्यांनी झाला, तेव्हा जादूची अपेक्षा नको. गोळी मात्र रोज, महिनाभर. आठवड्यापुरती घेऊन हा हिशोब लागत नाही, आणि तीन पाळ्या होईपर्यंत निकाल लावू नका.

एका वेळी 500 च्या वर घेऊ नका, शरीर तेवढं शोषत नाही. कार्बोनेटला पोटातलं आम्ल लागतं, म्हणून जेवणानंतरच. पित्ताच्या गोळ्या नेहमी चालू असतील तर सायट्रेट बरं.

वेळा अशा:
सकाळी 6 ला थायरॉक्सिन, उपाशीपोटी
दुपारी 1 ला जेवणानंतर कॅल्शियम
5 ला लोह, लिंबूपाण्यासोबत (चहा तासभर पुढेमागे)
रात्री 8.30 ला जेवणानंतर कॅल्शियम

थायरॉक्सिन आणि कॅल्शियम यांत किमान चार तास हवेतच. लोहालाही हाच नियम. हे चुकलं की टीएसएच (थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा) वाढतो आणि थायरॉक्सिनचा डोस उगाच वाढवला जातो.

दोन गोळ्यांचे 1000 झाले. वर दूध-दही, नाचणी (100 ग्रॅममध्ये साधारण 350 मिग्रॅ) असेल तर तिसरी गोळी कशाला?

निळीशाई: आभार! संध्याकाळी 5 ला ऑफिसात चहा असतोच. लोह झोपताना घेतलं तर? आणि मॅग्नेशियमचं काय?

साधीसुपारी: मॅग्नेशियमचा पुरावा कॅल्शियमपेक्षा लंगडा आहे. रोज 200 मिग्रॅ घेतल्यावर दुसऱ्या महिन्यात फुगणं, अंगावरची सूज थोडी कमी झाल्याचं एका छोट्या चाचणीत दिसलं, बस. प्रकारांपैकी मॅग्नेशियम ऑक्साइड स्वस्त, पण शोषलं कमी जातं आणि जुलाब लावतं. ग्लायसिनेट पोटाला सौम्य. कॅल्शियमसोबत एकदम सुरू करू नका, कशाने फरक पडला ते कळणारच नाही. पाकिटात बी6 जीवनसत्त्व आहे का बघा. दोन-तीन ब्रँड मिळून त्याची बेरीज वाढली आणि महिनोन्महिने चालली, तर पायांना मुंग्या येतात.

मुतखडा होऊन गेला असेल किंवा किडनीचा आजार असेल तर यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. रोजचा त्रास 0 ते 3 आकड्यांत कॅलेंडरवर लिहा. पाळी आल्यावरही आकडे उतरत नसतील तर कारण दुसरं शोधावं लागेल. जीव नकोसा वाटण्याइतकं मन खचत असेल तर कॅल्शियमवर तीन महिने घालवू नका, लगेच मानसोपचारतज्ज्ञांकडे जा.

खलबत्ता: लोह 11 ला झोपताना चालेल. रात्रीच्या कॅल्शियमपासून दोन-अडीच तास सुटतात. फक्त त्यावर दूध पिऊ नका.