मदत हवी आहे: ओएसपीएफ शेजारी ‘फुल’, पण राउटिंग टेबल रिकामं

नमस्कार मंडळी. सीसीएनएची, म्हणजे सिस्कोच्या नेटवर्किंग परीक्षेची, तयारी करतेय आणि कालपासून ओएसपीएफच्या (राउटर एकमेकांना मार्ग कळवतात तो प्रोटोकॉल) एका लॅबमध्ये अडकले आहे. दोन राउटर, मध्ये एकच लिंक, /३० सबनेट (दोनच वापरण्याजोगे पत्ते), दोन्हीकडे एरिया ० (ओएसपीएफचा मुख्य विभाग). ‘शो आयपी ओएसपीएफ नेबर’ दिलं की शेजारी ‘फुल’ (नेटवर्कच्या माहितीच्या डेटाबेसची देवाणघेवाण पूर्ण) दिसतो, पण ‘शो आयपी राउट’मध्ये ‘ओ’ची, म्हणजे ओएसपीएफने शिकलेल्या मार्गाची, एकही ओळ नाही!

हॅलो १०, डेड ४० सेकंद (शेजारी जिवंत आहे का ते तपासायचे टायमर) दोन्हीकडे सारखे. राउटर आयडी वेगळे. एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) १५००; तसंही ते चुकलं असतं तर गाडी ‘फुल’च्या आधीच्या एक्सस्टार्ट टप्प्यालाच अडली असती. समोरच्या आयपीला पिंग जातो, त्याच्या लूपबॅकला (राउटरमधल्या आभासी इंटरफेसला) जात नाही.

रात्री एक गोष्ट नजरेला पडली. एका राउटरवर ‘फुल’पुढे बीडीआर (बॅकअप डेझिग्नेटेड राउटर) लिहिलंय, दुसऱ्यावर नुसती आडवी रेघ. म्हणजे लिंकचा ओएसपीएफ नेटवर्क टाइप एकीकडे ब्रॉडकास्ट (अनेक राउटरसाठीचा), दुसरीकडे पॉइंट-टू-पॉइंट (दोघांपुरता). गडबड हीच ना? मग शेजारी जुळतात तरी कसे, आणि कुठे एरर का येत नाही? डेटाबेसमध्ये नेमकं काय बिनसतं, हे कुणी उलगडून सांगाल का? पाठ करून पुढे जायचं नाहीये मला.

आणि परीक्षेत वेळ कमी असताना तुम्ही आधी कोणती कमांड देता?