अरबी लोकंबी हासतात, हे आमच्या पारावर कोणी मानून नाही रायलं

पऱ्हाटीवाला, दारव्हा तालुका

भाऊ लोकहो, तर्री-पोह्याची पैज लागली आहे, मदत करा. मी २०१२ पासून सात वर्षं सौदीत दम्मामले एसी मेकॅनिक होतो. आता गावी कापूस अन् तूर. परवा पारावर बोलून गेलो का तिकडं लोकं तिकीट काढून स्टेजवर एकट्या माणसाच्या गमती, म्हणजे स्टॅन्ड-अप, ऐकाले जातात. मोठे काका भडकलेच. "अरबात कोठचं हासणं गा? तिथं तर टॉकीजबी नोयती!"

काका अर्धे बरोबर हायेत. आमचा सौदी सुपरवायझर सुट्टीच्या दिवशी समुद्रावरचा पूल ओलांडून बहरीनले सिनेमा पाहाले जाये. पण तोच पोट्टा गच्चीवर, मी कॉम्प्रेसर खोलून बसलो का मोबाइल माह्यापुढं धरे. २०१३ मध्ये हिशाम फकीह या सौदी कॉमेडियनचं एक गाणं आलं होतं. वाद्य नाही, काही नाही, नुसतं तोंडानं. बायकांनी गाडी चालवू नये म्हणणाऱ्यांची टर. मले अर्धं समजे, तो मात्र डोळे पुसत हासे. हे वेड तिकडं आलं कोठून?

खामगावचा वाचक

काकांना सांगा, टॉकीज नव्हत्या म्हणूनच! सौदीत सिनेमागृहं २०१८ मध्ये पुन्हा उघडली. त्याआधी तरुण पोरांकडे यूट्यूब होतं. फहद अल-बुतैरीनं २०१० मध्ये तिथंच कार्यक्रम सुरू केला आणि तो तुफान चालला. स्टेजवरचं वारं थोडं आधीचं. अमेरिकेत वाढलेले कॉमेडियन अहमद अहमद, एरन केडर वगैरे २००७ मध्ये दुबई, कैरो, बैरुत फिरून गेले, आणि २००८ मध्ये जॉर्डनच्या अम्मान शहरात स्टॅन्ड-अपचा महोत्सव झाला. इजिप्तचा बासेम युसूफ तर हृदयाचा सर्जन. २०११ मध्ये त्यानं यूट्यूबवर सुरुवात केली, पुढे टीव्हीवर गेला, आणि २०१४ मध्ये कार्यक्रम बंद करावा लागला.

झाडीपट्टीकर

खरी मेख भाषेत आहे गड्या. अरबी बातम्या, भाषणं शुद्ध फुसहा भाषेत. घरात बोलतात ती बोली वेगळी. मोरोक्कोची बोली आखातातल्या माणसाच्या डोक्यावरून जाते. इजिप्तची मात्र सिनेमांमुळे सगळ्यांच्या कानाला सवयीची. फुसहात कोणी विनोद करते का? माणूस स्टेजवर आईच्या बोलीत बोलला का लोकं अर्ध्या वाक्यातच फुटतात. हास्यकवी डॉ. मिर्झा वऱ्हाडीत सुरू झाले का आपल्याकडं मंडपात काय व्हायचं, आठवा. तेच पुस्तकी मराठीत सांगून पाहा, सतरंजीवाला आधी उठून जाईन.

वर्धेची सून

सगळं गोडगोड नका सांगू हो. २०२५ मध्ये रियाधला मोठा कॉमेडी महोत्सव झाला, डेव्ह शॅपेल, केविन हार्ट असे मोठे अमेरिकन कॉमेडियन सगळे गेले. पण अत्सुको ओकात्सुका या कॉमेडियननं तिला आलेल्या करारातल्या अटीच उघड केल्या: राजघराण्यावर नाही, धर्मावर नाही. मग उरलं काय? नवरा-बायको अन् विमानातलं जेवण.

पऱ्हाटीवाला

वहिनी, आमच्या गावात करार लागत नाही, डोळे वटारले तरी पुरते. शारदा मंडळात माह्या भाच्यानं पाच मिनिटं माइक घेतला. म्हणे, "आपल्या गावची टाकी एवढी उंच बांधली का पाणी चढता चढता थकते अन् खालूनच परत जाते." बाया पदर तोंडाशी धरून हासल्या. सरपंच पुढच्या खुर्चीवर. माइक बंद पडला. म्हणे, लाइन गेली. पण हॅलोजन तर चालूच होता!

असो. झाडीपट्टीकर भाऊ, तुमचं म्हणणं आजमावलं. रात्री काकाले एक सौदी व्हिडिओ लावून देला. एक अक्षर समजत नव्हतं. दोन मिनिटं गप पाहून रायले, मग म्हणे, "हा सासऱ्याबद्दलच बोलून रायला ना? त्याची मान पाह्य कशी खाली गेली." अन् सोताच खोकलेस्तोवर हासले.

तर्री-पोहे अजून देले नाहीत. म्हणतात, मी हासलो, अरब कोठं हासले?