खेळाडू विद्यार्थ्यांच्या सरावात योगाला जागा असावी का?

क्रीडाशिक्षक, परभणी
आमच्या खो-खोच्या मुली पहाटे साडेपाचला मैदानावर येतात, दिवसभर शाळा करतात, सायंकाळी पुन्हा सराव करतात आणि रात्री पुस्तक उघडतात, तेव्हा डोक्यात अजून गडी टिपण्यासाठी मारलेला, पण हुकलेला सूरच घोळत असतो. म्हणून गेल्या पावसाळ्यापासून सायंकाळच्या सरावानंतर आम्ही पंधरा मिनिटे पश्चिमोत्तानासन (पाय पसरून बसून पुढे वाकणे), भ्रामरी (श्वास सोडताना भुंग्यासारखा गुंजारव करणे) आणि शवासन घेतो. श्वास सोडण्याचा वेळ लांबवला की नाडी मंदावते, हे मुलींनी मनगटावर बोटे ठेवून स्वतः मोजले आहे. सामना हरल्यावर दोन-दोन दिवस वहीला हात न लावणारी दहावीतली एक मुलगी आता त्याच रात्री गणिते सोडवायला बसते. प्रत्येक शाळेने हे करावे, असे माझे मत आहे.

पालक, लातूर
मी सहमत नाही. या वयाच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते. माझ्या धावपटू मुलाला शिकवणी आणि सराव सांभाळून जेमतेम सहा तास मिळते. झोपेची तूट प्राणायामाने भरून निघत नाही, आणि दिवसात आणखी पंधरा मिनिटे घालणे म्हणजे तीही झोपेतूनच काढणे होय. शिवाय त्याच्या मैदानावर वेगाने धावण्याआधीच आसनांत बराच वेळ ताणून बसवतात, ज्यामुळे स्नायूंची स्फोटक ताकद, म्हणजे एकदम जोर लावण्याची क्षमता, काही काळ कमी होते.

माजी धावपटू, बीड
आमच्या आष्टी तालुक्याचे धावपटू अविनाश साबळे यांनी २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसचे (अडथळे ओलांडत धावण्याच्या शर्यतीचे) सुवर्ण जिंकले, तेव्हापासून इथे पुष्कळ मुले धावू लागली आहेत आणि दुखणे लपवूनही धावतात. शवासनात पडल्यावर निदान कुठे दुखते ते कळते. मात्र मांडीमागचा स्नायू ताणलेला असेल तर पश्चिमोत्तानासन टाळून आधी डॉक्टरांना दाखवावे. योग हा उपचाराला पर्याय नव्हे.

क्रीडाशिक्षक, परभणी
धावण्याआधी आसने नकोत, हे मलाही मान्य आहे. झोपेचा आक्षेप तर मी मनापासून स्वीकारतो, म्हणून सोमवारपासून शेवटच्या दोन फेऱ्या रद्द करून त्याच वेळात ही पंधरा मिनिटे बसवणार आहे. घरी करायला सांगून मात्र भागत नाही, कारण आमच्या बहुतेक मुलींच्या दोन खोल्यांच्या घरात सतरंजी पसरण्याइतकी जागा आणि पाव तासाची शांतता एकाच वेळी मिळत नाही.