डीपीएफचं (डिझेलगाडीतल्या काजळीच्या फिल्टरचं) गणिती मॉडेल: नळ्यांची एकच जोडी पुरते का?

आकुर्डीकर: एप्रिल २०२० ला बीएस-६ हे गाड्यांच्या धुराचे नियम आले तेव्हापासून डिझेलगाड्यांच्या फिल्टरबद्दल नुसती ओरड ऐकतोय. माझं म्हणणं, हा फिल्टर समजायला अवघड नाही. मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या नळ्या, एकाआड एक तोंडं बुजवलेली. धूर एका नळीत शिरतो, सच्छिद्र भिंतीतून शेजारच्या नळीत जातो, काजळी भिंतीवर राहते. संशोधक बिसेट यांनी १९८४ मध्ये अशी एकच जोडी घेऊन मॉडेल मांडलं. भिंतीतला दाब डार्सीच्या नियमाने (सच्छिद्र पदार्थातून वाहण्याचा नियम) काढा, काजळीचा थर वाढवत न्या, ती काजळी जळण्याचा वेग घाला. बाकीच्या हजारो नळ्या तशाच वागतात.

घाटावरचा: भिंतीची छिद्रं दहा-वीस मायक्रॉनची आणि काजळीचा कण ०.१ मायक्रॉनच्या आसपास. मग अडतं काय? माझ्या मते हा फिल्टर म्हणजे मायलेज खाणारा अडथळा आहे. काढून टाकावा.

आकुर्डीकर: हे पिठाच्या चाळणीचं गणित झालं. एवढा बारीक कण सरळ जात नाही, वायूच्या रेणूंचे धक्के खात भरकटतो आणि भिंतीला चिकटतो. पुढे साचलेली काजळीच गाळायला लागते, म्हणून थोडा भरलेला फिल्टर कोऱ्यापेक्षा चांगला अडवतो. काढलात तर तो धूर मागच्या दुचाकीवाल्याच्या छातीत जाणार.

भट्टीजवळ: इथपर्यंत पटलं. ‘बाकीच्या तशाच वागतात’ हे मात्र साफ चूक. आम्ही वापरलेला एक फिल्टर आडवा कापला होता. मधला भाग मातकट, स्वच्छ आणि कडेने काळं कडं. बाहेरच्या नळ्यांची उष्णता फिल्टरभोवतीच्या पत्र्यातून निघून जाते, तिथे काजळी जळायला लागणारे ६०० अंश सेल्सिअस गाठले जात नाहीत, काजळी तशीच राहते. तुमच्या एका जोडीला कडच नाही, मग हे कडं तिच्यात दिसणार कुठून?

साताऱ्याचं गॅरेज: माझ्याकडे डॅशबोर्डवर फिल्टरचा दिवा लागलेल्या गाड्या येतात. स्कॅनरवर दाबावरून काढलेली काजळी कमी आणि ईसीयूच्या (इंजिनाच्या कॉम्प्युटरच्या) हिशेबातली भरपूर, असं बऱ्याचदा दिसतं. गिऱ्हाईक म्हणतं दाबाचा सेन्सर गेला. बदलला तरी तेच.

भट्टीजवळ: दादा, सेन्सर बरोबर असू शकतो. भिंतीच्या छिद्रांतली काजळी वजनाला थोडी, पण दाब तीच जास्त वाढवते. हायवेवर धुरातल्याच नायट्रोजन डायऑक्साइडने ती जळली की दाब उतरतो, वरचा थर तसाच. म्हणजे एकाच दाबाला दोन वेगळी वजनं. आणि ‘कमी’ समजून बसलात, नंतर रिजनरेशन (साचलेली काजळी जाळणं) सुरू असताना गाडी सिग्नलला थांबली, तर वायूचा प्रवाह घटतो, उष्णता वाहून जात नाही, धुरातला ऑक्सिजन मात्र वाढतो. तापमान भडकतं, फिल्टर तडकतो.

साताऱ्याचं गॅरेज: राखेचं काय? ती जळतच नाही. इंजिन ऑइलमधून येते आणि वर्षानुवर्षं नळीच्या टोकाला साचते. गणितात नसेल तर जुन्या गाडीचा हिशेब चुकणारच. चुकीचं ऑइल भरलेल्या गाड्या मी रोज बघतो.

आकुर्डीकर: राख घालायलाच हवी, ती माझ्याकडून राहिली. पण सिग्नलचा भडका एका जोडीतही दिसतो, प्रवाह घटवून पाहा. ईसीयूत हजारो नळ्यांचं गणित चालणार नाही, हेही धरा. कडेसाठी थंड नळ्यांची दुसरी जोडी जोडतो, दोघींत उष्णतेची देवघेव ठेवतो. भट्टीजवळ, ते काळं कडं किती मिलिमीटर होतं, मोजलं होतंत का?