कपाळाची पट्टी

ग्रुप: घरचे सगळे

मोठे बाबा: बेटा, पोचली का घरी? दोन दिवसापासून तुझे फोटो पाहून रायलो. सारे रंग लावून, भलतेच कपडे घालून उभे. हैदराबादले नाटक होतं का काही?

मी: पोचले मोठे बाबा. सकाळच्या पॅसेंजरनं सिंदेवाहीला उतरले. नाटक नव्हतं, कॉमिक कॉन होतं. कार्टून, चित्रकथा, मालिका यांचं ज्यांना वेड आहे अशा माणसांचा मेळावा. आपल्या देशात पहिला 2011 मध्ये दिल्लीला झाला, आता बऱ्याच शहरांत होतो. आपल्याला त्यातल्या त्यात हैदराबादच जवळ, बल्लारशाहवरून थेट गाडी आहे. मी अन् होस्टेलच्या दोघी गेलो. सिकंदराबादला उतरलो, मेट्रोनं हायटेक सिटी, तिथून ऑटोनं हायटेक्सचे हॉल.

मोठे बाबा: खर्च किती आला?

मी: माझे 3,400. ट्यूशनचे साठवलेले होते. घरून एक रुपया घेतला नाही.

मोठे बाबा: पैशाचं नाही म्हनत मी. धान कापून बांधीत पडलं होतं, अभाय भरून आलं होतं, अन् घरचं एक मानूस कमी. मले राग आलता, खरं सांगतो.

मी: माहीत आहे. गाडीत बसल्यावरही माझं मन बांधीतच होतं. दर तासाला दादाला फोन करून पाऊस विचारत होते.

दादा: हो, केला होता. नऊ फोन. शेवटी मीच म्हटलं, धानाचे पुंजणे झाकले, आता तू तुझं पाहा.

आत्या (वडसा): ते राहू द्या हो भाऊ. मले आधी हे सांग, कपाळाले पत्र्याची पट्टी काऊन बांधली होती? अन् गालावर मांजरीसारख्या रेघा?

मी: आत्या, ती नारुतोची खूण आहे. जपानी मालिका. पहिली 2002 ते 2007, 220 भाग. पुढची शिप्पुडेन, 2017 पर्यंत, 500 भाग. मी सगळे पाहिले, बारावीच्या सुट्टीपासून, रेंजसाठी स्लॅबवर बसून.

नारुतो अनाथ पोरगा. तो जन्मला त्या रात्री नऊ शेपटांच्या कोल्ह्यानं गाव उद्ध्वस्त केलं, अन् त्या कोल्ह्याला या तान्ह्या लेकराच्या पोटात कोंडलं. त्याचा काय दोष? पण गाव त्याला जवळ करत नाही. आया आपल्या पोरांना त्याच्याजवळून ओढून नेतात. अन् हा सगळ्यांना ओरडून सांगतो की मी याच गावाचा होकागे होईन, म्हणजे गावप्रमुख.

पट्टी निंजाची, म्हणजे जपानी लढवय्याची, परीक्षा पास झाल्यावर मिळते. हा परत परत नापास. पहिल्याच भागात त्याचे इरुका गुरुजी स्वतःच्या कपाळाची पट्टी सोडतात अन् त्याच्या कपाळाला बांधतात. इरुकांचे स्वतःचे आईबाप त्याच कोल्ह्याच्या हल्ल्यात मेलेले, तरी. मी ते कितीदा पाहिलं असेल, दर वेळी रडले.

लहान काकू: जाकीट मी शिवलं बरं का वन्सं. नारिंगी कापड सिंदेवाहीले भेटलं नाही, ब्रह्मपुरीवरून आनलं. पाठीवर लाल भोवरा पाहिजे होता, तो काही केल्या गोल येईना, तीनदा उसवला. मग सुतळी गुंडाळून कापडावर ठेवली अन् तिच्या कडेनं खडू फिरवला. तवा जमला.

दादा: पट्टीचा पत्रा तेलाच्या पिप्याचा. त्याच्यावर नारुतोच्या गावाची खूण, ते पान, खिळ्यानं ठोकून काढलं. कडा कानशीनं घासल्या, नाहीतर कपाळ कापलं असतं.

मी: अन् ते बरं केलं दादा. गेटवर सगळं तपासतात, खऱ्या धारेचं काही आत नेता येत नाही. एका ताईनं पट्टीच्या कडेवरून बोट फिरवून पाहिलं. आमचे चाकू पुठ्ठ्याचे होते, ते लगेच सोडले. मग तिनं विचारलं, कुठून घेतली? मी म्हटलं, माझ्या भावानं घरी बनवली. तिनं दुसऱ्या मुलीला बोलावून दाखवली.

आत्या (वडसा): हॉलमधे काय होतं मग?

मी: दुकानं, चित्रकारांची टेबलं, समोर बसून चित्र काढून देणारे, स्टेजवर वेशभूषेची स्पर्धा. पण मला सांगायचं आहे ते वेगळंच.

दुपारी आम्ही भिंतीला टेकून पोळी-ठेचा खात होतो. एक पोरगा आला, सहा-सात वर्षांचा. त्याचंही नारिंगी जाकीट, बाह्या दोन-दोन घड्या घालून दुमडलेल्या. माझ्यासमोर उभा राहिला अन् दोन्ही हातांची दोन-दोन बोटं अधिकच्या चिन्हासारखी धरली. नारुतो स्वतःचे शेकडो अवतार उभे करतो ना, त्याची ती मुद्रा. मी पोळी खाली ठेवली, हात पुसले अन् तशीच मुद्रा केली. तो हसला नाही. एकदम गंभीर. मान हलवली अन् बाबाकडे पळाला. त्याचे बाबा तेलुगूत काहीतरी म्हणाले, मला कळलं नाही, माझं मराठी त्यांना कळलं नसतं. हात जोडले आम्ही दोघांनी.

आपल्या गावात ही मालिका पाहणारी मी एकटी, असं मला पाच वर्षं वाटत होतं. कोणाजवळ बोलावं? तिथं काहीच समजावून सांगावं लागलं नाही. मोठे बाबा, म्हणून गेले होते मी.

(बराच वेळ कोणीच काही लिहिलं नाही.)

मोठे बाबा: मी वीस वर्साचा होतो. भाऊबीज झाली की मंडयांच्या जत्रा, मग बैलांच्या शर्यतीचा शंकरपट, अन् रातभर नाटक. आमी चौघं दोस्त, बंडी जुपून निघालो. दिवसा पट पाहिला, रात्री नाटक. थंडी अशी की बंडीतली तनस अंगावर घेऊन बसलो. पहाटपर्यंत कोनी उठलं नाही. खलनायकाचं काम करनारा नट सकाळी चहाच्या टपरीवर दिसला, तं आमी चौघंही त्याच्यासमोर मुक्यावानी उभे. घरी आलो तं धान बांधीतच. बाबा चार दिवस माझ्याशी बोलले नाही. तुझ्या आजीले विचार.

मी: हे तुम्ही कधीच सांगितलं नाही!

मोठे बाबा: कोनी विचारलंच नाही. अन् आपल्या झाडीपट्टी मुलखातल्या नाटकाले कमी समजू नको बेटा. 2023 ले परशुराम खुणे यायले पद्मश्री भेटली, ते याच नाटकासाठी. जुन्या काळी बाईचं काम मानसंच करत. लुगडं नेसून असा काही उभा राहे, की गावातल्या बाया ओळखत नसत.

मी: नारुतोचं उलटं आहे! त्याचा आवाज जुंको ताकेउची नावाच्या बाईंचा आहे, पहिल्या भागापासून.

आत्या (वडसा): पोराचा आवाज बाईनं? आयकव बरं एकदा.

मी: पाठवते क्लिप. अन् मोठे बाबा, यंदा तुमच्यासोबत नाटकाला मी येणार. ट्रॅक्टरवर, तनशीत, पहाटपर्यंत. होस्टेलच्या दोघींनाही आणते.

मोठे बाबा: आन. पन धान चुरून झाल्यावर.

लहान काकू: आजीनं हे सगळं वाचून घेतलं माझ्याकडून. आवाज पाठवते म्हनत होती, तिले दाबून धरता येत नाही बटन, म्हणून मीच लिहितो. विचारून रायली, त्या लेकराले गावानं शेवटी आपलं म्हटलं का?

मी: हो आजी. सातवा होकागे झाला तो. पण मधे लय मोठी गोष्ट आहे. रात्री जेवण झालं की तुझ्या बाजेवर बसून पहिल्या भागापासून सांगते.